पिचरचा पाय आणि पंचांचे डोळे

मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये एक नियम होता. चेंडू टाकताना पिचरचा मागचा पाय जमिनीला घासत पुढे आला पाहिजे. दोन्ही पाय एकदम हवेत दिसले की इल्लीगल पिच. अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलने हा नियम २०२४ च्या सीझनपासून काढून टाकला, हायस्कूलवाल्यांनी २०२५ पासून. तेव्हापासून जुन्या लोकांचा जो गळा काढणं चालू आहे, ते ऐकून ऐकून कंटाळा आला. म्हणे खेळाची वाट लावली, म्हणे मुलींना शॉर्टकट दिला. माझं मत आधीच सांगून टाकतो: नियम गेला ते उत्तम झालं, आणि जायला इतकी वर्षं लागली हीच खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राउंड. पिचर २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशा रबरी प्लेटवर उभी राहते. तिथून होम प्लेट ४३ फुटांवर. हात पूर्ण गोल फिरवून, कमरेजवळून, खालून चेंडू सोडायचा. चांगली कॉलेज पिचर ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास सहज टाकते. म्हणजे बॅटरकडे अर्धा सेकंदही नसतो. हा वेग नुसत्या दंडातून येत नाही, मागच्या पायाने प्लेटला जो जबरदस्त रेटा दिला जातो त्यातून येतो. आता एवढा रेटा दिल्यावर पाय जमिनीवरून उचलला जाणारच ना राव! शरीर पुढे झेपावतंय आणि पायाचा अंगठा मात्र माती खरवडत यायला हवा. त्यासाठी बुटाच्या पुढे वेगळं कातडी नाहीतर प्लास्टिकचं टोपण लावायचं, कारण नाहीतर बूट काही आठवड्यांत फाटतो.

या उडीला तिकडे 'लीप' म्हणतात. गंमत म्हणजे पुरुषांच्या फास्टपिचमध्ये लीप कित्येक वर्षं कायदेशीर होती. तोच खेळ, तीच प्लेट, पण पुरुषाने उडी मारली तर ताकद आणि बाईने मारली तर चीटिंग. याचं एकही पटेल असं कारण मी आजवर वाचलेलं नाही.

लीपवाल्यांच्या विरोधात एक मुद्दा नेहमी येतो, आणि तो अगदीच फालतू नाही. उडी मारली की पिचर बॅटरच्या जास्त जवळ येऊन चेंडू सोडते, म्हणजे ४३ फुटांचे कमी फूट होतात. ठीक आहे. पण मग सहा फूट उंचीची मुलगी पाय घासत लांब ढांग टाकते, तेव्हा काय होतं? तीही जवळच येते. तिला कोणी अडवलं? ढांग किती लांब असावी यावर नियमात मर्यादा नव्हतीच. पाय प्लेटच्या २४ इंचांच्या पट्ट्यात पडावा, एवढंच. म्हणजे ज्या अंतराबद्दल एवढी ओरड, ते कोणी मोजतच नव्हतं. मोजत काय होते, तर अंगठा आणि माती यांच्यातली फट. आमच्या धंद्यात याला चुकीचा पॅरामीटर मॉनिटर करणं म्हणतात.

आणि ती फट तरी मोजता येत होती का? पंच उभा कितीतरी फूट लांब. पाय एक इंच वर गेला की नाही, हे एका क्षणात, धुळीतून, उघड्या डोळ्यांनी ठरवायचं. त्यात दर मॅचला प्लेटच्या पुढे पाय घासून घासून खड्डा पडतो. मग खड्ड्यावरून जाणारा पाय हवेत धरायचा की जमिनीवर? कॉलेजच्या नियमात त्याचीही सोय करून ठेवली होती: पाय जमिनीच्या पातळीच्या वर नसेल तर चालेल. म्हणजे आधी बग, मग बगसाठी पॅच.

परिणाम व्हायचा तोच झाला. बहुतेक पंच बघून न बघितल्यासारखं करायचे आणि मधेच एखाद्याला नियम आठवायचा. २०१२ च्या विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजची अंतिम फेरी, अलाबामा विरुद्ध ओक्लाहोमा. ओक्लाहोमाची केलानी रिकेट्स त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या पिचर्सपैकी एक. अख्खा सीझन ज्या अ‍ॅक्शनने टाकत आली त्याच अ‍ॅक्शनवर फायनलमध्ये इल्लीगल पिच! अलाबामा जिंकली. अलाबामा चांगली टीम होती, त्यांचं यश मला हिरावून घ्यायचं नाही. पण वर्षभर चालणारी गोष्ट टीव्हीवरच्या सगळ्यात मोठ्या मॅचमध्ये अचानक गुन्हा ठरत असेल, तर तो नियम नाही, लॉटरी आहे.

आपल्याला हे क्रिकेटमुळे पटकन कळायला हवं. फ्रंट फूट नो-बॉल मैदानावरच्या पंचाला नीट दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. डिसेंबर २०१९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला तेव्हा तिसऱ्या पंचाने कॅमेऱ्यावरून पाय बघण्याची ट्रायल घेतली, आणि पुढे ती पद्धत रुळली. तिथे रेषा आहे, कॅमेरा आहे, पैसा आहे. शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी तेरा वर्षांच्या पोरी खेळतात तिथे कोण चार कॅमेरे लावणार? जे तपासता येत नाही आणि तपासून फायदाही नाही, ते ठेवायचं कशाला?

आता, सगळंच मोकळं केलेलं नाही आणि करूही नये. 'क्रो हॉप' अजून बेकायदाच आहे. क्रो हॉप म्हणजे कावळ्यासारखी उडी: पाय प्लेटवरून उचलायचा, पुढे पुन्हा जमिनीवर रोवायचा आणि तिथून दुसरा रेटा देऊन चेंडू सोडायचा. ही मात्र शुद्ध लबाडी. यात पिचर स्वतःची प्लेटच दोन-तीन फूट पुढे सरकवून घेते, मग ४३ फुटांना अर्थ राहत नाही. लीपमध्ये रेटा एकच, प्लेटवरचा. फरक एवढा साधा आहे, तरी लोक दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात आणि मग भांडतात. (काही समालोचकसुद्धा. त्यांना तरी पगार मिळतो.)

उलट आता पंचांना निमित्त उरलेलं नाही. अंगठ्याकडे डोळे लावून बसायची गरज नाही, तेव्हा दुसरा रेटा तरी पकडा. मातीत पाय रोवल्याची खूण राहते, शरीर क्षणभर थबकून पुन्हा उसळतं. एका इंचाच्या फटीपेक्षा हे दिसायला कितीतरी सोपं आहे. यात ढिलाई झाली तर मात्र मीही त्या गळा काढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहीन.

सॉफ्टबॉल आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये खेळतात, तेव्हा हे सगळं फक्त अमेरिकेचं लफडं समजायचं कारण नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतंय, आणि मॅचेस होणार ओक्लाहोमा सिटीला, त्याच मैदानावर जिथे २०१२ ची ती फायनल झाली होती. बघाल तेव्हा चेंडू सोडून दोन-चार पिच नुसता पिचरचा मागचा पाय बघा.