बंदुकीची घोडी

जीप घेतली की माणसाला तिच्यात काहीतरी ठोकावंसं वाटतं. कुणी देवाची तसबीर ठोकतो, कुणी पंखा, कुणी कर्णा. माझ्या भाच्याला बंदूक अडकवायची घोडी ठोकायची होती. ह्या कृत्यात माझा हात आहे, अगदी शब्दशः आहे. पटाशी निसटली त्याची खूण डाव्या अंगठ्यावर अजून दिसते. तरीही, किंबहुना म्हणूनच, मी आज त्या घोडीच्या विरुद्ध बोलणार आहे. ज्यानं वस्तू केली त्याच्याइतका तिला नावं ठेवायचा अधिकार दुसऱ्या कुणाला असणार?

तीस वर्षं कारकुनी करून मी नेसरीला, अक्काच्या शेजारी, येऊन राहिलो. अक्काच्या घरात सासऱ्यांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. परवाना शेतसंरक्षणाचा, आता भाच्याच्या नावावर. ह्या बंदुकीनं कधी काही मारल्याचं मला आठवत नाही. रात्री माच्यावरून एक बार हवेत काढायचा, की आमच्या उसातली रानडुकरं शेजाऱ्याच्या उसात जायची. शेजाऱ्यानं फटाका लावला की परत आमच्याकडं. असा हा व्यवहार शेजारधर्माला धरून चालला होता.

मग भाच्यानं जुनी जीप घेतली. वरचा टप काढला, कमानी तेवढ्या ठेवल्या, पुढं मोठा फोकस बसवला आणि एका इंग्रजी सिनेमात पाहिलेलं चित्र त्याच्या डोक्यात बसलं. लहान ट्रक, त्याच्या मागच्या काचेला लाकडी घोडी आणि घोडीवर आडवी रायफल. “मामा, गन रॅक करूया,” म्हणाला. मी म्हटलं, “गन कुठली तुझ्याकडं? बंदूक आहे.” त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं.

मीही मूर्ख. निवृत्त माणसाला कुणी हत्यार दिलं की तो नको म्हणत नाही. परड्यात फणसाची फळी पडून होती. तिला रंधा मारला, दोन तुकडे केले, प्रत्येकात एक खाच पाडली. खाचेला अस्तर म्हणून सायकलची जुनी ट्यूब, वर घोंगडीचा काठ. बंदूक उडू नये म्हणून दप्तराचे पट्टे बकलासकट. गिरमिटानं भोकं पाडून सगळं बोल्टनं मागच्या कमानीला आवळलं. खोटं कशाला बोलू, दिसायला घोडी झकास झाली होती. शेजारचा सुतार येऊन बघून गेला आणि “भटजींची पळी ठेवायला काय हे?” एवढंच म्हणाला, तो मत्सर होता.

फक्त एक गोष्ट राहिली होती. ठासणीची बंदूक साडेचार फूट आणि जीप आतून चार. आडवी ठेवली तर नळी बाहेर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करणार. म्हणून घोडी तिरकी केली. तिरकी केल्यावर दस्त्याचं टोक मागं बसणाऱ्याच्या मानेशी आलं. मागं बसणारा मी.

आता मूळ मुद्दा. घोडी कशासाठी? तर बंदूक चटकन हाताला यावी. ठीक. पण हाताला येऊन पुढं काय? ठासणीच्या बंदुकीत आधी दारू घालायची, मग बोळा, मग गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं, मग केप. एवढं होईस्तोवर रानडुकराचं जेवण उरकून, हात धुऊन ते घरी गेलेलं असतं. आणि आधीच ठासून ठेवावी म्हटलं, तर आमच्या रस्त्यावर भरलेली बंदूक घेऊन जीप चालवण्यापेक्षा डुकराच्या पाठीवर बसून जाणं कमी जोखमीचं. सरकारला हे कळतं. 1959 च्या शस्त्र कायद्यात शेतसंरक्षणासाठी ठासणीचीच बंदूक धरलेली आहे. ती शेताची राखण करणाऱ्या, एका जागी बसलेल्या माणसाची बंदूक आहे. तिला मोटारीत बसवणं म्हणजे जात्याला चाकं लावण्यासारखं.

आणि मारणार काय? 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हाच वाहनातून शिकार करायला बंदी होती. पुढं 1991 मध्ये शिकारीचे परवानेच संपले. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडं लेखी परवानगी मागता येते, पण ती शेतासाठी, फेरफटक्यासाठी नव्हे. गव्याचं तर नावच काढू नका. नुसतं पीक खाल्लं म्हणून त्याच्यावर बंदूक रोखता येत नाही. जंगलाच्या कडेला रात्री फोकस, बंदूक आणि जीप एकत्र सापडली तर जीपही जप्त होते. म्हणजे आम्ही दोघांनी चार दिवस खपून, पदरचे बोल्ट घालून, स्वतःविरुद्धचा पुरावा नीट टांगायची सोय केली होती.

हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तुम्ही भित्रे. आपण प्रतापराव गुजरांच्या खिंडीतली माणसं.”

इथं मात्र माझं डोकं फिरलं. आमच्या गावात कुणीही काहीही अचरटपणा केला की तो प्रतापरावांच्या नावावर मांडतात. अरे, 24 फेब्रुवारी 1674 ला ते सहा स्वार घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर गेले आणि सातही जण तिथंच पडले. समोर फौज होती, भुईमूग उकरणारी पोरवडा डुक्कर नव्हती. आणि त्यांनी तिच्या डोळ्यांवर फोकस मारला नव्हता. घोडी त्यांच्याकडंही असेल, पण ती जिवंत असणार.

बरं, राजेशाही थाटच पाहिजे तर कोल्हापूरचा बघावा. शाहू महाराजांच्या संस्थानात शिकारीची गाडी होती बैलांची आणि तिच्यावर बंदुकीच्या जागी बसायचा चित्ता. डोळ्यांवर टोपी घालून, शहाण्या पोरासारखा. काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची, पुढचं तो बघायचा. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरनं आफ्रिकेतून आणवले. एवढी हौस केली, पण 1952 साली देशातून चित्ता संपल्याचं सरकारनं जाहीर केलं आणि 2022 मध्ये नामिबियातून विमानानं आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडावे लागले. महाराजांची हौस फेडायला आपल्याला सत्तर वर्षं लागली. भाच्याच्या हौसेचं बिल कोण भरणार?

ह्याचं उत्तर मला भाद्रपदात मिळालं. त्या रात्री भाचा मित्रांना घोडी दाखवायला गडहिंग्लजच्या रस्त्यावरच्या एका धाब्यावर गेला होता. नुसती घोडी कशी दाखवणार? म्हणून बंदूकही गेली. धाब्याबाहेर उघड्या जीपमध्ये, दप्तराच्या पट्ट्यात, परवान्याची बंदूक टांगलेली आणि मालक आत रस्सा ओरपतोय. कुणी उचलली असती तर परवाना गेलाच असता, वर पोलीस ठाण्याच्या खेपा. पण ते राहू दे.

त्याच रात्री डुकरं उसात शिरली. अक्का अडुसष्ट वर्षांची. बॅटरी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन एकटी बांधावर गेली. मला हाक मारली नाही, कारण “तू पण त्यांच्यातलाच.” सकाळी मी गेलो तर दहा-बारा गुंठे ऊस आडवा. बुडख्याशी चावून चावून टाकलेला, गोड तेवढा खाल्लेला. अक्का बांधावर बसली होती. काठीनं बडवून डब्याचा पार चेंदामेंदा झाला होता. ती मला म्हणाली, “बंदूक असती तर एक बार तरी काढला असता. डब्याला आता ती घाबरत न्हाईत बघ.”

पंचनामा झाला, भरपाईचा अर्ज गेला. अर्ज मीच लिहिला, अक्षर चांगलं आहे म्हणून. “पिकाच्या संरक्षणासाठी केलेली उपाययोजना” असं काहीतरी लिहावं म्हणून मी बराच वेळ लेखणी धरून बसलो. घोडी लिहायची की डबा, ते ठरेना. शेवटी डबा लिहिला.

शिकारीची हौस असलेले सज्जन आता मला म्हणतील की दोष घोडीचा नाही, पोराचा आहे. मला हे मान्य नाही. बंदूक सोप्यात खुंटीवर होती तोवर तिच्याकडं बघून पोराला राखणीला जायची आठवण व्हायची. घोडीवर गेल्यावर तिच्याकडं बघून त्याला धाबा आठवू लागला. वस्तू जिथं टांगाल तिथली होते. जीपमध्ये टांगायचंच असेल तर विळा टांगा, दोरखंड टांगा, शाळेतल्या पोरांच्या छत्र्या टांगा. पावसाळ्यात निम्मं गाव दुवा देईल.

घोडी मीच काढली. बोल्ट गंजले होते, तासभर लागला. अक्कानं ती सोप्यात ठोकून घेतली आणि तिच्यावर लसणाच्या जुड्या आणि बियाण्याची मक्याची कणसं टांगलीत. खाचा अगदी मापात बसल्यात म्हणते. बंदूक माच्यावर गेली, तिच्याबरोबर भाचाही जातो, निदान अक्का बघत असते तेव्हा. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा होते आणि तेवढ्या दिवसांपुरता नवा डबा आणून ठेवलाय.

परवा संध्याकाळी मात्र तो मोटारसायकलीशी ओणवा होऊन सुतळीनं कसलंतरी माप घेत होता. मी विचारलं नाही. पटाशी तेवढी उचलून माझ्या ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं.