पॉम्पेईची वाट पवनारवरून जाते

(१) विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीसच उघडतात. सुट्टी लांब, ऊन असह्य, आणि ऐपत असलेल्या घरांत आता मे-जूनमधील इटली, ग्रीस, स्पेनचे बेत शिजू लागले आहेत. अशा घरात कुणी इतिहास शिकणारे असेल, तर काका-काकूंचा निरोप ठरलेला: ‘मुलांना काय काय दाखवायचे, जरा यादी करून दे.’ मित्रहो, हा थ्रेड त्या यादीविषयी आहे. ती आपल्या हाती येते, ही लहान गोष्ट नव्हे.

(२) माझे मत आरंभीच मांडतो. ही यादी छोटी असावी आणि तिची सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून व्हावी. दहा दिवसांत पाच देश पाहून आलेले मूल बहुधा दोनपैकी एक समज घेऊन परतते: ‘आपल्याकडे असे काही नव्हतेच’, किंवा त्यावर उतारा म्हणून घरच्यांनी शिकवलेला ‘त्यांना सारे आपणच दिले’. दोन्ही समज खोटे आहेत. बाराव्या वर्षी मनात रुतलेला खोटा समज पदवीच्या वर्गातही निघत नाही.

(३) दोन्ही समजांना एकाच वेळी उत्तर देणारी एक वस्तू दक्षिण इटलीत आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पॉम्पेई गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंस लहान सेविका. घडण निःसंशय भारतीय. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

(४) ती आली कोठून? जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथील उत्खननात त्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही तशीच स्त्रीमूर्ती मिळाली आहे. म्हणून सातवाहनांच्या महाराष्ट्राकडे बोट दाखवले जाते. परंतु पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. वाद मिटलेला नाही. मुलांना हा वाद तसाच सांगावा. इतिहास म्हणजे पाठ केलेली उत्तरे नव्हेत, हे त्यांना याहून सोप्या रीतीने कळणार नाही.

(५) व्यापाराची वाट मात्र वादातीत आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक भाषेतील ग्रंथ सांगतो, की भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांवर आणि तेथून तेर पूर्वेस दहा दिवसांवर. तेरहून सुती कापड आणि मलमल निघे आणि गाड्यांतून, बिकट वाटांनी बंदर गाठी. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग पाहिलेल्या हिंगणघाटच्या मुलाला ही ओळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

(६) या व्यापाराने रोममध्ये कुरकुरही झाली. भारत दरवर्षी साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे तेव्हाची रोमन नाणी, ओढून घेतो, असे थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले. हाच प्लिनी इ.स. ७९ मध्ये आरमाराचा अधिकारी होता. उद्रेकाच्या वेळी जहाजे घेऊन तो त्या किनाऱ्याकडे गेला आणि तेथेच मरण पावला. भारतीय चैनीच्या वस्तूंवर तक्रार करणारा माणूस आणि तशीच एक वस्तू, दोघांचा शेवट एकाच ज्वालामुखीने लिहिला.

(७) वाट दुहेरी होती. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती मिळाली; ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. आपली यक्षी नेपल्समध्ये, त्यांचा समुद्रदेव कोल्हापुरात. येथे कोणी गुरू नाही आणि कोणी शिष्यही नाही. दोन बाजूंना गिऱ्हाइके होती, कारागीर होते, आणि मध्ये समुद्र होता. एवढे सत्य मुलाच्या हाती दिले, की न्यूनगंड आणि बढाई दोन्ही आपोआप गळून पडतात.

(८) मुले एक प्रश्न हमखास विचारतील: ‘तिकडे अख्खे शहर उरले, मग आपल्याकडे का नाही?’ उत्तर वर्ध्याजवळच्या पवनारला आहे. धाम नदीकाठच्या या गावी नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये उत्खनन केले. वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते. रामटेकजवळचे मनसर हा त्यावरचा दुसरा दावा. विनोबांच्या आश्रमाची जमीन खणताना निघालेली जुनी शिल्पे आजही आश्रमात पाहता येतात. पॉम्पेई एका दिवसात मेले, म्हणून जसेच्या तसे राहिले. पवनार जगत राहिले. जुन्या विटांवर नवी घरे उभी राहिली, नांगर फिरले, नदीने काठ कापला. जगलेल्या गावाचा पुरावा विस्कटतोच. प्रवासापूर्वीच्या एखाद्या रविवारी मुलांना हे नदीकाठी दाखवा; नंतर पॉम्पेईच्या रस्त्यावर ती स्वतःहून तुलना करतील.

(९) रोमसाठीही वर्ध्याचा धागा आहे. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी रोमला थांबले. व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलात क्रुसावरील येशूची मूर्ती पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्याच मुक्कामात ते मुसोलिनीलाही भेटले. हेही मुलांपासून लपवू नये. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. १९४२ च्या जूनमध्ये तेथे आठवडाभर राहिलेल्या लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराने नोंदवले आहे, की त्यांच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर एकच चित्र होते, आणि ते येशूचे होते. सेवाग्राम पाहून गेलेले मूल त्या चॅपेलात छताइतकेच समोरही पाहील.

(१०) आता प्रत्यक्ष बेत. दिवाळीच्या सुट्टीत तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय, जमल्यास कोल्हापूर. उन्हाळ्यात देश एकच: इटली. रोमहून नेपल्स वेगवान रेल्वेने तासाभरापेक्षा थोडे अधिक. नेपल्सला दोन रात्री ठेवा. पॉम्पेईत सावली फार कमी; दार उघडताच आत जा, दुपारी संग्रहालय. ते सहसा मंगळवारी बंद असते, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. आईवडिलांना आणखी एक गोष्ट आधी सांगा: यक्षी ज्या दालनात आहे, ते प्राचीन शृंगारिक कलावस्तूंचे आहे. भारतीय मूर्ती अनावृत असल्याने तिला तेथे जागा मिळाली. हे योग्य झाले का, यावर थोरल्या मुलांशी बोलता येईल.

(११) आक्षेप येईल: ‘मुलांना सुट्टी आहे, शिकवणी नव्हे.’ मान्य. म्हणूनच दिवसाला एकच वस्तू, एकच प्रश्न. उरलेला दिवस समुद्राचा आणि आइस्क्रीमचा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य घरांना हा प्रवास परवडणार नाही. खरे आहे. पण या यादीतील पवनार, सेवाग्राम, तेर आणि कोल्हापूर यांना व्हिसा लागत नाही, आणि गोष्टीचा अर्धा भाग तेथेच आहे. ज्यांना परवडते, तेही हा अर्धा भाग न पाहताच विमानात बसतात, हे मला अधिक खटकते.

(१२) लिस्बनला जाणाऱ्यांनी आधी वसईचा किल्ला पाहावा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. तेव्हा पुढच्या वेळी यादी मागितली गेली, की पहिल्या ओळीत आपल्या तालुक्याचे नाव लिहा. तुमच्या गावातून परदेशाकडे असा कोणता धागा जातो, ते खाली जरूर कळवा. थ्रेड समाप्त.