आमटीतली डाळ गेली कुठे?

दुपारचा एक वाजला आहे. पुण्याच्या पेठेतल्या एका खानावळीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं जेवायला बसली आहेत. ताटात चार पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, भाताचा डोंगर आणि वाटीभर आमटी. आमटीत चमचा घालून तळ ढवळला तरी डाळ जेमतेम वर येते. फोडणीचं तेल, कढीपत्त्याची दोन पानं आणि चिंचगुळाचं पाणी एवढंच हाती लागतं. वाटीसमोर बसलेला मुलगा लातूरकडचा असेल, तर हे फारच लागतं. तुरीच्या बाजारासाठी लातूरचं नाव देशभर आहे, तिथल्या बोरसुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आणि त्याच मातीतल्या पोराच्या वाटीत डाळीचा ठाव लागत नाही.

खानावळवाल्याला बोल लावून हा विषय संपत नाही. घरोघरीही डाळीची मूठ आखडली आहे.

चार माणसांच्या घरात कुकरला मूठभर डाळ लावली, तर ती भरते चाळीस-पन्नास ग्रॅम. माणशी दहा-बारा ग्रॅम, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला प्रथिनं आली अडीच-तीन ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. २००० उष्मांकांच्या शाकाहारी ताटासाठी त्यांनी दिवसाला धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर असं माप सांगितलं आहे. धान्य तीन वाटे आणि कडधान्य एक वाटा, असं ते ढोबळ प्रमाण. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. धान्यांतून पंचवीसच्या आसपास, कडधान्यांतून अठरा-वीस आणि दुधातून दहाच्या आसपास ग्रॅम मिळाले, की शाकाहारी माणसाचा हिशेब डबा-पावडर न आणता पुरा होतो. तिथे ८५ ग्रॅमच्या जागी बारा ग्रॅम पडले, तर पोट भातानं आणि पोळीनं भरतं, पण शरीर उपाशी राहतं.

धान्य आणि कडधान्य एका ताटात का लागतात, याचं उत्तर प्रथिनांच्या घडणीत आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. डाळींत ते भरपूर असतं, पण मेथिओनिनची बाजू लंगडी असते आणि ती धान्य सावरून धरतं. एका जेवणात दोन्ही आलंच पाहिजे असाही हट्ट नको, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी काम होतं. आपल्या जेवणात मात्र ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या एका घासातच बसली आहे. वरण-भात, भाकरी-पिठलं, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा-हरभरा घातलेली मिसळीची भाजी, पुरणाची पोळी आणि कटाची आमटी, कोकणात भात आणि कुळथाची पिठी. जोड्या अजून शाबूत आहेत, पण त्यांतला एक जोडीदार वाळत चालला आहे.

ताटात ही जोडी आली ती शेतातून. कोरडवाहू पट्ट्यात बाजरीत मटकी-हुलगा आणि ज्वारीत तुरीच्या ओळी असायच्याच. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे शेजारच्या पिकाचंही भागायचं. पाऊस हुकला तर निदान एक पीक हाती लागायचं. मराठवाडा-विदर्भात गेल्या तीसेक वर्षांत या जोडीच्या जागी सोयाबीन पसरलं. शेतकऱ्याला रोख पैसा हवा होता, त्याबद्दल त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. पण जे झालं ते पाहायला हवं. सोयाबीन हे प्रथिनांनी गच्च भरलेलं पीक. ते गावात पिकतं आणि गावच्या ताटात न येता कारखान्यात जातं. तेल निघतं, आणि सगळं प्रथिन ज्यात उरतं ती पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्याला जाते. मूग, उडीद, मटकी घरच्या कणगीतून बाईच्या हाताशी यायची. आता तीच बाजारातून विकत आणावी लागते, आणि तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेलेली २०१५ मध्ये सगळ्यांनी पाहिली आहे. डाळ महागली की घरात सगळ्यांत आधी आमटी पातळ होते, आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाटीत ती सगळ्यांत पातळ असते.

म्हणूनच स्वयंपाकघरातल्या एका जुन्या कामाकडे बारकाईनं पाहावं. मटकी ताटात पसरून निवडायला घेतली की खडे बाजूला पडतात. खरा त्रास गणंगाचा. कितीही भिजवा, कितीही शिजवा, हा दाणा दगडासारखा राहतो आणि भिजल्यानंतरच ओळखू येतो, कारण बाकीचे दाणे फुगलेले असतात आणि तो होता तेवढाच असतो. रात्रभर भिजलेली मटकी रोवळीत निथळायची, ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधायची आणि पातेल्यात झाकून ठेवायची. उन्हाळ्यात एका रात्रीत काम होतं, थंडीत दोन रात्री लागतात. सकाळी गाठोडं हातात घेतलं तर ते चक्क कोमट लागतं, आणि विणीतून बाहेर आलेले मोड हळूच सोडवावे लागतात.

भिजवल्यानं आणि मोड आल्यानं कडधान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त शरीराला अधिक लागू पडतं. क जीवनसत्त्व तयार होतं. पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही घटतात, म्हणून भिजवलेलं पाणी टाकून द्यावं. एक समजूत मात्र सोडायला हवी. मोड आले म्हणून प्रथिनं वाढत नाहीत. मटकी दुपटीहून अधिक फुगते ती पाण्यानं. सकाळी मूठभर कच्चे मोड चघळून दिवसाचं कडधान्य झालं असं मानणाऱ्याची फसगत होते. दुपारी भरली वाटी उसळ लागतेच.

या उसळीवर लिंबू पिळण्याची रीत फार मोलाची आहे. कडधान्यांतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं ते शोषण वाढतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा उलट काम करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. ज्या घरात गोळ्या वेळेवर पोचत नाहीत, तिथे लिंबाची फोड आणि तासभर लांबवलेला चहा तरी पोचावा. शाकाहाराची एक उणीवही स्पष्ट सांगायला हवी. ब-१२ जीवनसत्त्व कोणत्याही डाळीत किंवा धान्यात नसतं. त्यासाठी दूध-दही हवं, आणि तेही न घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं पूरक औषध घ्यावं.

भात-पोळीनं भरलेलं ताट दुसऱ्या बाजूनंही महागात पडतं आहे. देशात मधुमेही १० कोटींहून अधिक असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात दिसलं. कडधान्यं हळू पचतात, साखर सावकाश वाढवतात. दुसरी पोळी किंवा भाताची दुसरी वाढणी कमी करून तिथे उसळ घेणं, हा बदल उद्याच्या जेवणापासून करता येतो.

पण सगळा भार घरातल्या बाईच्या पदरात टाकून कसं चालेल? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोकांना दरमहा धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर ३५ किलो. २०२३ पासून ते मोफतही झालं. हे मोठं काम आहे, त्यानं भूक आवरली. डाळ मात्र त्या कायद्यात नाही. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्याला २० ग्रॅम डाळ, आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅमला ३० ग्रॅम. दोन्हीकडे पाचास एक. पोषण संस्था तीनास एकच्या जवळ जाणारं माप सांगते आणि वाढत्या वयाच्या पोरांना त्याहून कमी मिळतं.

आणि हे करता येत नाही असं कुणी म्हणू नये. कोरोनाच्या काळात, एप्रिल ते नोव्हेंबर २०२० मध्ये, केंद्रानं रेशनवरच्या कुटुंबाला महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा मोफत दिला. तमिळनाडूत २००७ पासून रेशनवर सवलतीत तूरडाळ मिळते. महाराष्ट्रानंही २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ दिला, तेव्हा शंभर रुपयांच्या त्या संचात रवा, साखर आणि पामतेलाबरोबर एक किलो चणाडाळ होतीच. दुकान तेच, कार्ड तेच. सणाला जी डाळ पोचली ती दर महिन्याला पोचायला हवी, किमान दोन किलो.

ती कुठून घ्यायची, हेही ठरवता येईल. केंद्र हमीभाव जाहीर करतं तो तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर या पाच कडधान्यांना. मटकी, हुलगा, वाल, चवळी यांना तो नाही. कमी पावसावर येणारी हीच पिकं आधी शेतातून गेली. राज्यानं रेशनसाठी आणि शाळांसाठी ती दर ठरवून त्या-त्या जिल्ह्यातच विकत घेतली, तर माणच्या मटकीला आणि रत्नागिरीच्या कुळथाला पेरणीआधीच गिऱ्हाईक मिळेल. आणि खिचडीच्या पातेल्यात शंभर ग्रॅम तांदळाला वीसऐवजी तेहतीस ग्रॅम कडधान्य पडेल.