बाळसे की सूज?

वाचकहो, ऐन फराळाच्या ताटात संगणक वाढला म्हणून रागावू नका. ज्याच्या घरात मोबाईल आहे त्याला या प्रकरणाचा चिमटा केव्हाच बसलेला आहे. चिमटा कोणी काढला, एवढेच त्याला ठाऊक नाही.

पोटासाठी नव्हे, निव्वळ हौसेसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी एक जमात जगभर पसरलेली आहे. मंडळी मोठी टवाळ. इमॅक्स नावाचा मजकूर लिहिण्याचा एक जुना प्रोग्राम आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांची या लोकांनी फोड केली ती अशी, की आठ मेगाबाइट स्मृती खाऊनही ज्याची ओढाताण संपत नाही तो इमॅक्स! आज आठ मेगाबाइटांत मोबाईलवरचे चार फोटो धड मावत नाहीत. म्हणजे टवाळी शिळी झाली आणि जो लठ्ठ म्हणून हसे झाले तोच आता सडपातळ ठरला.

याच गोतावळ्यात २००६ साली डीडब्ल्यूएम नावाचा प्रोग्राम निघाला. काम एवढेच, की पडद्यावरच्या चौकटी नीट मांडून द्यायच्या. कर्त्यांचा पण असा, की दोन हजार ओळींच्या वर जायचे नाही. कोणाला अधिक काही हवे असेल तर त्याने आपल्या हाताने ‘पॅच’ लावावा. पॅच म्हणजे शब्दश: ठिगळच. पूर्वी कागदी फितीला भोके पाडून प्रोग्राम लिहीत. चुकले की त्या जागी फितीचा तुकडा चिकटवीत. १९८५ साली लॅरी वॉल यांनी हे ठिगळकाम यंत्राकडून करवून घेणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नावही ‘पॅच’च ठेवले. आता या डीडब्ल्यूएमवाल्यांचा संवाद ऐका.

‘‘माझा बघ, दोन हजार ओळी!’’

‘‘आणि ठिगळे?’’

‘‘अवघी चौदा.’’

‘‘मग मूळ सदरा कुठे आहे?’’

हसून घ्या. पण या हसण्याआड एक लबाडी निसटून जाते आणि माझे भांडण तिच्याशी आहे.

पास्कल ही संगणकाची भाषा घडविणारे स्विस पंडित निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच एका लेखात बजावले होते, की यंत्र जितक्या वेगाने चपळ होते त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत चालले आहे. त्याच साली निघालेल्या विंडोज ९५ ला चार मेगाबाइट स्मृती किमान पुरे म्हणत. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट लागतात. हजारपट! चित्रे आली, चलच्चित्रे आली, चोरांपासून बचाव आला, सगळे कबूल. पण साध्या पत्राचा मायना लिहिणे हजारपट अवघड झाले काय?

यावर धंदेवाईकांचे उत्तर ठरलेले असते : यंत्र स्वस्त, माणसाचा वेळ महाग. कोणत्या माणसाचा, महाराज? तुमच्या एका लेखकाचे चार दिवस वाचले आणि लक्षावधी लोकांची रोजची दोन-दोन मिनिटे फिरत्या चकतीकडे पाहण्यात गेली. तुमचा वेळ हिशेबात धरता, आमचा धरीत नाही. हे कसले अर्थशास्त्र?

ठिगळाला मात्र मी हिणवणार नाही. ज्या मुलखात आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तिथे ठिगळाची लाज कसली? ठिगळ लावणारे कोणी आहे तोवरच वस्त्राला आयुष्य. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची फुकट ठिगळे बंद झाली. विंडोज ११ विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नव्या धाटणीचा प्रोसेसर मागते. ते नसलेली कितीतरी चालती यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. गावच्या शाळेने देणग्या गोळा करून घेतलेले यंत्र चालते आहे, दिवा लागतो आहे, पोरे टंकलेखन शिकत आहेत. आणि ते मोडीत काढा म्हणे!

मग हौशी मंडळींच्या काटकसरीचा झेंडा खांद्यावर घ्यावा काय? इथेही मी अडतो. त्यांचा ‘एसटी’ नावाचा टर्मिनल आहे (आपली लाल गाडी नव्हे!). छोटा, झटपट, देखणा. त्यात ‘क्षत्रिय’ लिहून पाहा. जोडाक्षरे जुळत नाहीत, वेलांटी भलतीकडे उभी राहते. कारण आपली लिपी नीट मांडायची तर अक्षरांची जुळणी करणारी वेगळी यंत्रणा लागते; पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येते आणि कागदावर त्याच्या आधी बसते, हे यंत्राला कोणीतरी शिकवावे लागते. त्याला ओळी खर्च होतात. त्या ओळी या काटकसरी लोकांच्या लेखी सूज! वैद्य नाडी पाहून सूज की बाळसे ते ठरवतो. हे नुसता काटा पाहून ठरवतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे मावली की यांच्या लेखी जग मावले.

तक्रार केली की हौशी गृहस्थ गोड हसून म्हणतो, ‘‘हवे असेल तर तुमचे तुम्ही ठिगळ लावून घ्या.’’

म्हणजे इंग्रजीला सदरा आणि मराठीला ठिगळ!