पॅनेल आता बसवावे की थांबावे?

मंडळाचा कार्यक्रम संपला की चहाच्या वेळी हल्ली एक विषय हमखास निघतो : गच्चीवर सोलर बसवले का? त्यात अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "मुंबईच्या आयआयटीत दीडपट वीज देणारा सेल तयार झाला आहे म्हणे. मग आता कशाला घाई करायची?" प्रश्न लाख-दीड लाखाचा आहे. म्हणून बँकेतल्या जुन्या सवयीने आपण त्याचा हिशेब मांडून पाहू.

बातमी खरी आहे. पवईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या मदतीने 2010 पासून सौर वीज संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र चालते. तेथे प्रा. दिनेश काबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सेलवर पेरोव्स्काइटचा सेल ठेवून सुमारे 30 टक्के कार्यक्षमता मिळवली आहे. बाजारातील नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमता साधारण 20 ते 22 टक्के असते. म्हणजे शंभर रुपयांचे ऊन पडले, तर वीज वीस-बावीस रुपयांचीच हाती येते.

पेरोव्स्काइट हे मुळात 1839 मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे नाव. सौर सेलमध्ये ते खनिज वापरत नाहीत. तशीच स्फटिकरचना असलेले, प्रयोगशाळेत बनवलेले पदार्थ वापरतात. 2009 मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटाने त्याचा सेल केला, तेव्हा कार्यक्षमता होती जेमतेम 3.8 टक्के. तेथून झालेली प्रगती थक्क करणारी आहे. एकटे सिलिकॉन साधारण 29 टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही, ही निसर्गाचीच मर्यादा. जोडसेलमध्ये कामाची वाटणी होते : वरचा पेरोव्स्काइटचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, आणि त्यातून खाली उतरलेला तांबडा व अवरक्त प्रकाश सिलिकॉन टिपते. चीनच्या लाँगी कंपनीने अशा जोडसेलमध्ये 2025 साली 34.85 टक्क्यांचा विक्रम नोंदवला.

मग अडले कुठे? पहिली गोष्ट, असे विक्रम बहुधा नखाएवढ्या सेलवर होतात. मोठ्या पॅनेलवर तोच थर सगळीकडे सारखा पसरवणे अवघड असते. ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने 2024 मध्ये जोडसेलची पॅनेल प्रत्यक्ष ग्राहकाला पाठवली, त्यांची कार्यक्षमता 24.5 टक्के होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दमट हवा, उष्णता आणि खुद्द ऊन यांनी पेरोव्स्काइट बिघडते. शिवाय बहुतेक प्रकारांत शिसे असते. पॅनेल फुटले तर ते पावसाच्या पाण्यात उतरू नये, याचीही सोय करावी लागते.

आम्ही बँकेत असताना नुसता व्याजदर पाहून कधी कर्ज मंजूर केले नाही. पहिली दोन वर्षे हप्ते वेळेवर येतात आणि तिसऱ्या वर्षी खाते थकते, असे कर्जदार प्रत्येक शाखेने पाहिले आहेत. कार्यक्षमता हा व्याजदर समजा आणि टिकाऊपणा ही मुद्दलाची सुरक्षितता. सिलिकॉन पॅनेलवर 25 वर्षांची हमी मिळते, कारण तेवढी वर्षे उन्हापावसात काढलेली पॅनेल जगाने पाहिली आहेत. पेरोव्स्काइटची अशी पासबुके अजून भरायची आहेत.

आपल्या इंदूरचेच उदाहरण घ्या. जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात चढवायला विजेचा खर्च अफाट. तो कमी करण्यासाठी 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प ठरला आणि त्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले. व्याज 8.25 टक्के, मुदत 3 ते 9 वर्षे. मागणी मूळ इश्यूच्या आकाराच्या जवळजवळ सहापट आली. नऊ वर्षांनी परत करायचे पैसे ज्या पॅनेलच्या भरवशावर घ्यायचे, ती नऊ वर्षांहून किती तरी जास्त टिकली पाहिजेत. हाच नियम आपल्या गच्चीलाही लागू आहे.

आता घरचा हिशेब. 3 किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी 12 युनिट देतो, वर्षाला सुमारे 4,380. युनिटमागे 6 रुपये वाचले असे धरले, तर वर्षाचे 26 हजारांहून जास्त. म्हणजे तीन वर्षे थांबलो, तर सुमारे 78 हजार रुपये हातचे गेले. पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॉटला मिळणारे अनुदानही 78 हजारच आहे, आणि ती योजना 2026-27 पर्यंतच आखलेली आहे. आपल्या बिलातला दर घालून हे गणित प्रत्येकाने करून पाहावे.

थांबण्यात कोणाचा फायदा आहे? ज्यांच्याकडे जागाच कमी आहे त्यांचा. 3 किलोवॉटसाठी 21 टक्क्यांच्या पॅनेलला साधारण 155 चौरस फूट लागतात, 30 टक्क्यांच्या पॅनेलला 108 पुरतील. फ्लॅटमध्ये सामायिक गच्चीचा छोटासा वाटा असेल किंवा शेजारच्या इमारतीची सावली निम्म्या गच्चीवर पडत असेल, तर हे पन्नासेक फूट मोलाचे ठरतात. ज्यांची गच्ची मोकळी आहे आणि पापड-कुरडया वाळवूनही जागा उरते, त्यांनी मात्र थांबण्याचे कारण नाही.

पवईतल्या संशोधनाचे मोल याने कमी होत नाही. आज ना उद्या तो सेल कारखान्यातून बाहेर पडेल, आणि मराठी मुलखातल्या प्रयोगशाळेतून तो आला याचा आपल्याला आनंदच होईल. पण तेव्हाही विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायचेच : हमी किती वर्षांची, आणि ती देणारी कंपनी तेवढी वर्षे राहील का? टक्के त्यानंतर विचारू.