जनसुरक्षा कायदा आणि आपली महापालिका

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी दिला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १० जुलैला, विधानसभेने 'महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक' आवाजी मतदानाने मंजूर केले. उघड विरोध करणारे आमदार एकटे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही ते संमत झाले. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हाला वाटते. पोलिसांना जाब विचारायला कोर्टात जावे लागते, आणि पोलिसांचे अधिकार वाढवायला सभागृहाला एक दुपार पुरते.

सरकार म्हणते, हे विधेयक कडव्या डाव्या संघटनांपुरते आहे. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती गेल्यावर उद्देशात तसा बदल झालाही. पण 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दाची व्याख्या पाहा. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असणारे, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांची अवज्ञा शिकवणारे बोलणे, लिहिणे, चिन्ह दाखवणे हे सगळे त्यात बसू शकते. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. चवदार तळ्याचा सत्याग्रह या व्याख्येत बसतो की नाही, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

'आपला डाव्यांशी काय संबंध?' असे वस्तीतली काही तरुण मुले विचारतात. संबंध आपण ठरवत नसतो. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, जयंतीच्या दिवशी, एनआयएपुढे हजर व्हावे लागले. उच्च न्यायालयाने जामीन दिला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. सुधीर ढवळे जून २०१८ पासून साडेसहा वर्षे आत होते आणि खटला सुरूही झाला नव्हता. तेव्हा हा नवा कायदा नव्हता, यूएपीए पुरेसा होता. परभणीत तर त्याचीही गरज पडली नाही. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, वस्त्यांत धरपकड झाली आणि न्यायालयीन कोठडीतल्या सोमनाथचा १५ डिसेंबर २०२४ रोजी मृत्यू झाला.

आता मुद्दा आपल्या शहराचा. एप्रिल २०२० पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेत जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने पुन्हा नगरसेवक आले, एकूण ११५. ड्रेनेज आणि पाण्याचे प्रश्न त्यांना विचारलेच पाहिजेत. पण नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न नगरसेवकाला विचारायचा असतो, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

मराठवाड्यात हे झालेले आहे. २०२० च्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या सेलू नगर परिषदेने सीएए-एनआरसीविरोधात ठराव केला, तोही भाजपची सत्ता असताना. नगर जिल्ह्यातल्या इसळकच्या ग्रामसभेने तसाच ठराव केला. अमेरिकेत २००१ च्या पॅट्रियट कायद्यानंतर चारशेहून जास्त शहरांनी आणि स्थानिक संस्थांनी विरोधाचे ठराव केले. कॅलिफोर्नियातल्या आर्काटा या छोट्या गावाने २००३ मध्ये त्याहून पुढे जाऊन, त्या कायद्याखालच्या घटनाबाह्य चौकशीला आपणहून मदत करणाऱ्या पालिका अधिकाऱ्याला ५७ डॉलर दंड ठेवला. रक्कम किरकोळ, पण कर्मचाऱ्याला नाही म्हणायला आधार मिळाला.

आपल्याकडे एवढे सोपे नाही. तिथली शहरे स्वतःचे पोलीस दल चालवतात. इथे पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि पोलीस आयुक्त महापौरांना उत्तरदायी नाहीत. महापालिकेचा ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली निलंबित करू शकते, पुढे विखंडितही करू शकते. आणि ठराव म्हणजे अंमलबजावणी नव्हे, हे या शहराला कुणी शिकवायला नको. नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला, आणि मधल्या काळात किती घरे जळाली ते मराठवाड्याला माहीत आहे.

दुसरी अडचण आमच्या मते जास्त गंभीर आहे. स्थानिक म्हणजे आपोआप लोकशाहीवादी नव्हे. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना बंदी घालणारा ठराव केला, तोही स्थानिक स्वराज्याच्याच नावाने. आपल्या महापालिकेच्या सभागृहात ऑगस्ट २०१८ मध्ये वाजपेयींच्या शोकप्रस्तावाला विरोध करणाऱ्या एमआयएमच्या नगरसेवकाला मारहाण झाली आणि पुढे त्यालाच एमपीडीएखाली स्थानबद्ध केले गेले. त्या नगरसेवकाची भूमिका पटो न पटो. सभागृहात विरोधी बोलणाऱ्याचे हे झाले, तर क्रांती चौकात बोलणाऱ्याचे काय?

म्हणून निव्वळ निषेधाच्या ठरावावर आम्ही समाधानी राहणार नाही. पालिकेच्या स्वतःच्या ताब्यात जे आहे, तिथे नियम हवेत. संत एकनाथ रंगमंदिर, मैदाने, वस्तीतली समाजमंदिरे, अभ्यासिका: कार्यक्रमाला जागा नाकारायची तर कारण लेखी द्या, 'पोलिसांनी तोंडी सांगितले' चालणार नाही. या विधेयकात जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त एखादी जागा बेकायदेशीर कृत्यासाठी वापरली जाते असे अधिसूचित करून ताब्यात घेऊ शकतात. उद्या हे समाजमंदिराच्या बाबतीत झाले, तर त्या इमारतीची मालक म्हणून पालिका कोर्टात उभी राहणार का? हे आजच विचारायला हवे.

तसेच कॅमेऱ्यांचे. स्मार्ट सिटीच्या पैशातून शहरभर सीसीटीव्ही लागले आणि चित्रण पोलिसांकडे जाते. भडकल गेटला जयंतीला येणारा प्रत्येक चेहरा त्यात आहे. चित्रण किती दिवस ठेवतात, कुणाला देतात, चेहरा ओळखण्याचे सॉफ्टवेअर वापरतात का, याचे नियम सर्वसाधारण सभेपुढे यायला हवेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या शहर मंडळाने २०१९ मध्ये पोलिसांसह आपल्या सगळ्या खात्यांना तसे सॉफ्टवेअर वापरायला बंदी केली.

सभागृहात विषय आणायला बहुमत लागत नाही. अशासकीय प्रस्तावाला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. तो फेटाळला गेला तरी कोण काय बोलले हे इतिवृत्तात राहते, आणि इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मिळते. आपल्या मतांवर निवडून आलेले नगरसेवक वेगवेगळ्या पक्षांत आहेत. प्रत्येक प्रभागातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरसेवकाकडे जागांबाबतचा आणि कॅमेऱ्यांबाबतचा असे दोन प्रस्ताव लेखी द्यावेत, पोच घ्यावी आणि पुढच्या सभेची विषयपत्रिका निघाली की त्यात ते आहेत का ते पाहावे.