सुकटीचा पत्ता

धुळे-जळगावकडच्या आठवडे बाजारात वाळली मासळी घेऊन बसलेल्या बाईच्या पाटीत समुद्र दोन नावांत मावतो: सुकट आणि बोंबील. समुद्र इथून दोनशे किलोमीटरहून लांब, त्यामुळे त्याहून जास्त चौकशी कोणी करत नाही.

करायला हवी. मिरची-लसणाबरोबर तव्यावर परतून कळण्याच्या भाकरीवर घेतात ती सुकट म्हणजे बहुतेकदा जवळा, आणि जवळा हा मासाच नाही. कोळंबीच्या जातकुळीतला, दोन-चार सेंटिमीटरचा जीव तो. बोंबील मात्र खराखुरा मासा. जबडाभर दात असलेला, आणि भलता खादाड. जवळा हे त्याचं आवडतं खाणं, वेळ पडली तर स्वतःची पिल्लंही सोडत नाही. पाटीत शेजारी पडलेल्या या दोघांचं समुद्रातलं नातं असं आहे.

बोंबलाची वस्तीही मजेशीर. तो सापडतो मुख्यत्वे गुजरातच्या किनाऱ्याला आणि महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्याला. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होत जातो, केरळात जवळपास दिसत नाही आणि थेट आंध्र, ओडिशा, बंगालकडे पुन्हा उगवतो. मांदेली या माशाचंही साधारण तेच. दक्षिणेकडे राज्य तारली आणि बांगड्याचं.

याचं कारण गढूळ पाणी. मुंबईपासून खंभातच्या आखातापर्यंत समुद्राचा तळ दूरवर उथळ आहे, भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त आणि नर्मदा-तापीसारख्या नद्या तिथे गाळ ओततात. पलीकडे बंगालच्या बाजूला हेच काम गंगा करते. बोंबलाला असलंच पाणी मानवतं. कोळीही त्याच्या मागे धावत नाहीत. भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळं रोवून ठेवतात, प्रवाहच मासळी आत लोटतो. मग ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या बांबूच्या वलांडीवर टांगायच्या. अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असलेला हा मासा मिठाशिवाय, नुसत्या उन्हा-वाऱ्यावर वाळतो. म्हणून तर खानदेशापर्यंत टिकतो.

आता तापी कुठली? मुलताईला उगम पावते, भुसावळ-शिरपूरच्या अंगाने वाहते, वाटेत वाघूर, गिरणा, पांझरा पोटात घेते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. म्हणजे खानदेशातल्या काळ्या शेतांची माती बोंबलाच्या गढूळ पाण्यात थोडीफार मिसळलेली असणारच. ‘असते’पेक्षा ‘असायची’ म्हणणं जास्त खरं, कारण १९७२ पासून तापीचा बराचसा गाळ उकाई धरणातच बसतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. मान मोठा आहे, पण ओलं पापलेट खानदेशातल्या खेडोपाडी कितीसं पोचतं? इथे निवडणूक झाली असती तर बोंबील बिनविरोध आला असता.

पुढच्या बाजारात सुकट घेतलीत की मूठभर कागदावर पसरून पाहा. मोहरीहून बारीक काळे डोळे आणि केसासारख्या मिशा दिसल्या, तर तो जवळा. सपाट, निमुळत्या शेपटीचं एखादं पिल्लू मध्येच निघालं, तर ती मांदेली.